ताण, तार आणि स्वर
बास गिटारच्या तारेची पूर्वपीठिका

बास गिटारवर नवी तार चढवली की पहिला तासभर ती वादकाचे ऐकत नाही. खुंटी पिळून तिला सुरात आणावे, दोन ओळी वाजवाव्यात, तोवर ती उतरलेली असते. वादक मग तारेखाली बोट घालून तिला हलकेच वर ओढतो, पुन्हा सुरात मिळवतो, पुन्हा ओढतो. असे पाचसहा वेळा झाले म्हणजे तार जागेवर बसते. लोणचे मुरावे तशी तार मुरावी लागते, असेच म्हणायला हवे. वाद्य वाजवणाऱ्यांना ही गोष्ट इतकी परिचयाची असते की तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. परंतु या लहानशा क्रियेच्या मागे चार शतकांचा इतिहास उभा आहे. तारेने ताण सोसायला शिकावे, हे काम कारागिराचे की वादकाचे, असा प्रश्न घेऊन त्या इतिहासाकडे पाहिले तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

तातीचे युग

युरोपातील तंतुवाद्यांच्या तारा शेकडो वर्षे प्रामुख्याने मेंढीच्या आतड्यापासून बनत. इंग्रजीत अशा तारेला मांजराचे नाव चिकटले असले तरी मांजराचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागते ती तात याच जातीची, आणि सारंगीच्या मुख्य ताराही तातीच्याच. तेव्हा ही वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

तात बनवण्याचा धंदा कष्टाचा आणि दुर्गंधीचा होता. आतडी ताजी असतानाच ती धुवायची, खारात भिजवायची, चरबी व मांसाचा अंश खरवडून काढायचा, उरलेल्या पातळ त्वचेच्या पट्ट्या करायच्या आणि ओल्या असतानाच त्या एकत्र पिळायच्या. वरच्या सुराच्या बारीक तारेला थोड्याच पट्ट्या लागत, खर्जाच्या जाड तारेला मात्र कितीतरी अधिक. पीळ दिलेली ओली तात चौकटीवर ताणून सुकवली जाई व मग घासून गुळगुळीत केली जाई. म्हणजे ताण सोसण्याचा पहिला धडा तारेला कारखान्यातच मिळे.

परंतु धडा तेवढ्याने पुरा होत नसे. तात दमट हवेत पाणी पिते आणि कोरड्या हवेत ते सोडते. ती वाद्यावर चढल्यावर कित्येक दिवस लांबत राहते, आणि लांबणे थांबले तरी पावसाची सर आली की पुन्हा बिघडते. ल्यूट या वाद्यावर तर अशा डझनावारी तारा असत. इंग्लंडमधील ल्यूटवादक थॉमस मेस यांनी १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तारांची निवड कशी करावी, त्या कोठे ठेवाव्यात, वाद्याची निगा कशी राखावी, याचे तपशीलवार विवेचन केले आहे. त्या काळच्या वादकाला तारेची चिंता किती होती, हे त्यावरून ध्यानात येते. वाजवण्याइतकाच वेळ सूर मिळवण्यात जाई, अशी ल्यूटवादकांची थट्टा पुढे होत राहिली ती काही अगदीच निराधार नव्हती.

लोंबते वजन आणि एका संन्याशाचे गणित

तार ताणली की सूर चढतो, हे लहान मुलालाही कळते. पण किती ताणली की किती चढतो? या प्रश्नाचे एक उत्तर पायथागोरसच्या नावावर दीड हजार वर्षांहून अधिक काळ फिरत होते. तारेला दुप्पट वजन लावले की सूर एक सप्तक वर जातो, असे ते उत्तर. ग्रंथामागून ग्रंथांत ते उतरवले गेले. करून पाहण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

ती घेतली फ्लॉरेन्सच्या व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी. ते ल्यूटवादक व संगीतशास्त्रज्ञ होते, आणि सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलिओ हे त्यांचेच चिरंजीव. १५८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तारांना प्रत्यक्ष वजने टांगून पाहिली आणि सप्तकभर सूर चढवायचा तर वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते असे दाखवून दिले. रोज तारा चढवणाऱ्या आणि ताणणाऱ्या हातांनी हे काम केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या ज्ञानाला नियमांचे रूप दिले ते पॅरिसच्या मॅरँ मेर्सेन यांनी. मेर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम संघाचे संन्यासी व धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. संगीतावरील त्यांचा महाग्रंथ १६३६-३७ मध्ये प्रसिद्ध झाला. तारेची कंपने इतकी जलद असतात की ती डोळ्यांनी मोजता येत नाहीत. यावर मेर्सेन यांनी साधी युक्ती योजली. नव्वद फुटांहूनही लांब दोर व तारा त्यांनी ताणून बांधल्या. इतक्या लांब तारेची हालचाल मंद होते आणि ती मोजता येते. त्यावरून निघालेले नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. तारेची लांबी दुप्पट केली की कंपने निम्मी होतात. ताण चौपट केला की कंपने दुप्पट होतात. आणि लांबी व ताण तेच ठेवून तार चौपट जड केली की कंपने निम्मी होतात, म्हणजे सूर एक सप्तक खाली उतरतो.

बास गिटारची सारी अडचण या तिसऱ्या नियमात साठवलेली आहे. खर्जाचा सूर हवा असेल तर तार एक तर फार लांब हवी, नाही तर फार सैल हवी, नाही तर फार जड हवी. सैल तार लोंबते आणि नीट बोलत नाही. लांब तारेसाठी वाद्यच लांब करावे लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघालेली थिऑर्बो जातीची ल्यूटवाद्ये माणसाच्या उंचीएवढी झाली, ती याच कारणाने. उरला तिसरा मार्ग, जड तारेचा. पण तात नुसती जाड केली की ती ताठर होते आणि तिचा आवाज बद्द येतो.

चांदीचे वेष्टण

या कोंडीतून मार्ग निघाला सतराव्या शतकाच्या मध्यास. बारीक, लवचीक तातीवर धातूची तार वळ्यामागून वळे अशी घट्ट गुंडाळायची. आतला गाभा ताण सोसतो, बाहेरचे वेष्टण वजन देते. तार जड होते, पण ताठर होत नाही. लंडनचे संगीतप्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी १६६४ साली अशा तारांची नवा शोध म्हणून जाहिरात केली होती. फ्रान्समध्ये चांदीने वेष्टिलेल्या तारांचा प्रघात पाडण्याचे श्रेय व्हायलवादक सँत-कोलोंब यांना त्यांचे शिष्य जाँ रूसो यांनी १६८७च्या आपल्या ग्रंथात दिले आहे.

या एका युक्तीने खर्जाच्या वाद्यांचे रूप पालटले. वाद्ये आटोपशीर झाली, खर्ज स्पष्ट झाला. आज बास गिटारवर जी तार चढते तिची रचना मुळात हीच आहे. मधे पोलादी गाभा आणि त्यावर निकेलचा मुलामा दिलेल्या किंवा गंजरोधक पोलादाच्या तारेचे वेष्टण. पदार्थ बदलले, पण विभागणी तीच राहिली.

मात्र वेष्टणाबरोबर मुरण्याचे एक नवे कारणही आले. एकसंध तात फक्त लांबत असे. वेष्टिलेल्या तारेत दोन वस्तू एकत्र नांदायच्या असतात. ताण चढला की गाभा किंचित बारीक होतो, वळी सरकतात, एकमेकांना खेटतात आणि आपली जागा शोधतात. ती सापडेपर्यंत सूर स्थिर होत नाही.

सालेहून न्यूयॉर्कला

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात, मायेल्ला पर्वताच्या उतारावर, साले नावाचे एक लहानसे गाव आहे. चौदाव्या शतकातील धन्यवादित रॉबर्टो हे या गावाचे पाठीराखे. पोपपदाचा स्वेच्छेने त्याग करणारे पाचवे सेलेस्टिन यांच्या संन्यासी परंपरेतील ते साधुपुरुष. डोंगरउतारावरील या गावाला मेंढ्यांची कमतरता नव्हती, आणि गावातील कित्येक घराण्यांचा परंपरागत धंदा होता तात बनवण्याचा. या प्रदेशातील कारागीर रोम आणि नेपल्समध्ये जाऊन स्थिरावले व त्या शहरांच्या तारांना युरोपभर जो लौकिक मिळाला त्यात या डोंगरी हातांचा मोठा वाटा होता. पुढे विसाव्या शतकात भूकंपांमुळे जुने साले मागे पडले आणि जवळच नवे गाव वसले.

त्याच शतकाच्या आरंभी दक्षिण इटलीतून अमेरिकेकडे माणसांचा लोंढा वाहू लागला. सालेचे तारकरीही त्यात होते. दादारिओ घराण्यातील माणसे १९०५ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात येऊन पोहोचली. आरंभी त्यांनी गावाकडून तारा मागवून विकल्या, मग तेथेच बनवायला सुरुवात केली. मारी घराणेही सालेचेच. त्यांच्या तारा ला बेला या नावाने प्रसिद्धीस आल्या. आतड्याची दुर्गंधी सोसत पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या या कुटुंबांची नावे आज जगभरच्या गिटारवादकांच्या तोंडी आहेत. दादारिओ कंपनी सध्याच्या स्वरूपात १९७४ साली स्थापन झाली.

या घराण्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. त्यांची सारी विद्या आतड्याची होती, आणि आतड्याचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात दुर्मीळ झाली. न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टिन यांनी १९४०च्या दशकात गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा सिद्ध केल्या. त्या पावसाळी हवेला दाद देत नाहीत, मात्र चढवल्यावर कित्येक दिवस लांबत राहतात. दुसरीकडे पोलादी तारेची मागणी वाढत होती. हाताने आतडे पिळणाऱ्या माणसाला आता यंत्रावर पोलाद गुंडाळायचे होते. ज्यांना हे जमले त्यांची नावे टिकली. ज्यांना जमले नाही त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. हस्तव्यवसायांच्या इतिहासात ही कथा वारंवार भेटते, आणि प्रत्येक वेळी ती तितकीच जड वाटते.

१९५१ : खर्ज खांद्यावर आला

बाजारात जम बसवणारी पहिली विजेची बास गिटार कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली आणली. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात तसा प्रयत्न केला होता, पण तो रुजला नाही. फेंडर यांच्या वाद्याला प्रिसिजन बास असे नाव मिळाले, कारण त्याच्या दांडीवर पडदे होते व त्यामुळे सूर नेमका लागे. माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासमध्ये तारेचा बोलता भाग साधारण एक मीटर वा थोडा अधिक असतो. फेंडर यांनी तो ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर ठेवला. सूर मात्र तेच ठेवले. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, नेहमीच्या गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी.

लांबी कमी झाली तेव्हा मेर्सेन यांच्या नियमाप्रमाणे वजन आणि ताण यांचा मेळ नव्याने घालणे आले. आजच्या नेहमीच्या संचातील प्रत्येक तार साधारण १८ ते २३ किलो ताण सोसते. चारही मिळून वाद्याच्या दांडीवर सुमारे ८० किलोचा ओढा पडतो. एक धडधाकट माणूस अहोरात्र लोंबकळत असावा, इतका हा भार. त्यासाठी दांडीच्या आत पोलादी सळई बसवलेली असते.

आरंभीच्या तारांना सपाट पट्टीचे वेष्टण असे. बोटाला ती गुळगुळीत लागे आणि तिचा आवाज डबल बाससारखा गोल, दबका येई. त्या काळी बास गिटारकडून अपेक्षा होती ती एवढीच, की तिने मोठ्या वाद्याची जागा घ्यावी आणि मोटारीच्या मागच्या सीटवर मावावे.

जुनी तार की नवी ?

यानंतर जो वाद उपस्थित झाला तो या इतिहासाचा गाभाच म्हणावा लागेल. त्याच्या दोन बाजू दोन थोर वादकांनी मांडल्या, आणि त्याही शब्दांनी नव्हे, तारांनी.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवर जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) बास वाजवीत. १९६०च्या दशकातील त्या कंपनीची बहुतेक लोकप्रिय गाणी त्यांच्या खर्जावर उभी आहेत. त्यांच्या वाद्यावर ला बेलाच्या जाड, सपाट वेष्टणाच्या तारा असत, म्हणजे मुळात सालेच्याच. जेमरसन तार तुटल्याखेरीज बदलत नसत. घाम, धूळ, बोटांचे तेल यांनी ती कितीही मळली तरी त्यांना चाले. त्या मळानेच आपला सूर सिद्ध होतो अशी त्यांची धारणा होती. मळलेल्या तारेची झिलई जाते, वरचे सूक्ष्म स्वर दबतात, उरतो तो फक्त मूळ खर्ज, भरीव आणि मऊ. गायकाच्या आवाजाखाली तो जोत्यासारखा बसतो.

दुसरी बाजू इंग्लंडची. द हू या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल (१९४४–२००२) यांना जोते होऊन राहणे मान्य नव्हते. बासने पियानोसारखे खणखणीत बोलावे अशी त्यांची इच्छा. बाजारातील तारांपासून तो आवाज निघेना. १९६६ साली त्यांनी रोटोसाउंडचे संस्थापक, व्यवसायाने अभियंता असलेले जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून प्रयोग केले. त्यातून गोल तारेच्या वेष्टणाची, उजळ आवाजाची जी तार सिद्ध झाली तिच्या नावात ६६ हा आकडा आजही आहे. हाताला ती खरखरीत लागते, पडदे झिजवते, आणि तिची चमकही लवकर मावळते. म्हणून एन्टविसल तारा सतत बदलत. पुढे जॅको पास्टोरिअस (१९५१–१९८७) यांनी हीच तार बिनपडद्याच्या बासवर चढवली. तिने दांडी कापली जाऊ नये म्हणून होडीला लावतात तसले कठीण रोगण त्यांनी दांडीला दिले, आणि त्या वाद्यातून माणसाच्या कंठासारखा आवाज काढला.

एकाला तार जितकी जुनी तितकी प्रिय, दुसऱ्याला जितकी नवी तितकी. यांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न चुकीचा ठरेल. एकाला साथ द्यायची होती, दुसऱ्याला बोलायचे होते. तारेचे वय कामावरून ठरते.

मुरवण्याची रीत आणि तिचे मर्म

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोलादी तार ओढली म्हणजे ती लांबते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पोलादाचा गाभा वाद्यावरील ताणाखाली कायमचा असा फारसा लांबत नाही. तात आणि नायलॉन लांबतात, पोलाद नव्हे. ओढल्याने जे घडते ते असे : खुंटीभोवतीचे सैल वेढे आवळले जातात. तारेच्या टोकाचे कडे घोडीत घट्ट बसते. घोडीवर व दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीवर तार जेथे वळते तेथे तिला नेमका बाक येतो. आणि वेष्टणाची वळी गाभ्यावर आपली जागा घेतात. सूर उतरतो तो यामुळे.

म्हणूनच जाणते वादक ओढण्यापेक्षा चढवण्याकडे अधिक लक्ष देतात. तार कापण्यापूर्वी तिला कापायच्या जागेअलीकडे काटकोनात वाकवायची. तसे न केल्यास वेष्टण गाभ्यावरून सुटण्याचे भय असते, आणि मग ती तार मुकी होते. खुंटीवर दोनतीन वेढे, एकाखाली एक, नीट लावलेले असावेत. दांडीवरचा ताण एकदम उतरू नये म्हणून पुष्कळजण तारा एकेक करून बदलतात. घोडीपाशी व पट्टीपाशी तारेवर बोटाने हलकेच दाब द्यायचा. मग सुरात मिळवून, तीनचार ठिकाणी तार बेताने वर ओढायची आणि पुन्हा मिळवायची. ओढूनही सूर उतरेनासा झाला की काम झाले. जोर करायचा नाही. फार ताणले की तुटते हे खरेच, पण न तुटताही तार आतून बिघडते. वेष्टण एका जागी ढिले पडले की तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, आणि मग ती कोणत्याच पडद्यावर नेमकी बोलत नाही.

मुंबईच्या वाद्यवृंदांत

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. गोव्याच्या पॅरिश शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या ख्रिस्ती वादकांनी विसाव्या शतकात मुंबईचे जॅझ वाद्यवृंद आणि चित्रपटसंगीत यांना केवढा हातभार लावला, हे आता सर्वमान्य आहे. तातीच्या आणि वेष्टिलेल्या तारांशी त्यांची ओळख बालपणापासूनची. डबल बासच्या जोडीला मुंबईत बास गिटार आली तेव्हा तिला वाजवणारे हात या परंपरेतूनही आले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बास गिटार आजही लाखो श्रोत्यांच्या कानांत आहे, जरी तिच्याकडे मुद्दाम लक्ष देणारे थोडे. परदेशी तारा त्या काळी महाग व दुर्मीळ. तेव्हा तार जपून वापरणे, मळली तर पुसून, उकळत्या पाण्यात घालून, वाळवून पुन्हा चढवणे, या युक्त्या जगभरच्या गरीब वादकांप्रमाणे येथेही उपयोगी पडत. उकळल्याने वळ्यांतील मळ निघतो व काही दिवस आवाज उजळतो. झिजलेले धातू मात्र परत येत नाहीत.

उपसंहार

१९९७ साली गोअर या अमेरिकन कंपनीने इलिक्सर नावाने वेष्टणावर अतिसूक्ष्म पटल चढवलेल्या गिटारच्या तारा बाजारात आणल्या. वळ्यांत घाम शिरूच नये, अशी ती योजना. पुढे बास गिटारसाठीही अशा तारा निघाल्या. त्या पुष्कळ दिवस नव्या राहतात. तारेचे वय थोपवण्याचा हा प्रयत्न मानावा लागेल. वर्षानुवर्षे तीच तार वाजवणाऱ्या जेमरसन यांना तो पसंत पडला असता की नाही, शंकाच आहे.

तातीच्या काळात ताणाचा अर्धा धडा कारागीर देत असे आणि उरलेला वादक. आज कारखान्यातील यंत्र बहुतेक सारे काम उरकते. वादकाच्या वाट्याला पंधरावीस मिनिटे उरली आहेत. पण तेवढी उरली आहेतच. कितीही अचूक यंत्राने गुंडाळलेली तार असो, ती ज्या वाद्यावर चढते त्याची घोडी, त्याची पट्टी, त्याची खुंटी यांच्याशी तिचा मेळ कारखान्यात बसवता येत नाही. तो तेथेच, त्या वाद्यावर, कोणाच्या तरी हातांनी बसवावा लागतो. सालेच्या तारकऱ्याने ओली तात चौकटीवर ताणताना जो बेत सांभाळला, तोच बेत आज नवी तार ओढणाऱ्या बोटाला सांभाळावा लागतो : इतके ओढायचे की ती जागेवर बसावी, आणि इतकेच, की ती बोलती राहावी.